१,२०० किलोची गाडी, तेरा गोण्या

पहिली पिकअप घेताना मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला होता, "माल किती नेते?" तो म्हणाला, "बाराशे किलो." सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे २४ गोण्या. तोंडी हिशेब झाला आणि मी सही करून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी सहज म्हणून भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवली. हौद्यात २० गोण्या होत्या, केबिनमध्ये आम्ही तिघं, आणि रोजची हत्यारं जिथल्या तिथे. माझ्या हिशेबाने अजून चार गोण्यांची सोय होती. काट्याची चिठ्ठी सांगत होती की गाडी मर्यादेच्या वर साडेतीनशे किलो भरली आहे.

विक्रेता खोटं बोलला नव्हता. त्या बाराशेत काय काय धरायचं, हे मी विचारलं नव्हतं.

कामाची गाडी घेणारे बहुतेक जण इंजिन, अॅव्हरेज आणि हप्ता या तीन गोष्टींवर महिनाभर चर्चा करतात आणि वजनावर दोन मिनिटं. माझ्या मते हे अगदी उलट व्हायला हवं. वजनाचा हिशेब नीट बसला की बाकीचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

पट्टीवरचे आकडे

दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली कंपनीने लावलेली एक छोटी पट्टी असते. विकणारा ती दाखवत नाही आणि घेणारा बघत नाही. तिच्यावर गाडीचं कमाल भरलेलं वजन लिहिलेलं असतं. गाडी, इंधन, माणसं, माल, हौद्याच्या कोपऱ्यात विसरलेली कुदळ, सगळं मिळून या आकड्याच्या आत राहायला हवं. बोलण्यात आपण याला पासिंग म्हणतो. पण पासिंग म्हणताना कुणी एकूण वजन धरतो, कुणी नुसत्या मालाचं, त्यामुळे "कशाचं पासिंग?" हे समोरच्याला विचारून घ्यावं.

समजा हा आकडा २,९५० किलो आहे आणि गाडीचं रिकामं वजन १,७५० किलो. वजाबाकी केली की १,२०० किलो उरतात. विक्रेत्याने मला सांगितलेला आकडा हाच.

आता त्यातून माझ्या रोजच्या गोष्टी काढू. चालक धरून तीन माणसं, माणशी ७५ किलो, म्हणजे २२५. लोखंडी पेटी आणि तिच्यातली हत्यारं १८०. केबिनवरचा कॅरिअर आणि दोन शिड्या ७०. छोटा जनरेटर ७५. एकूण ५५०. उरले ६५० किलो, म्हणजे १३ गोण्या. अजून साइटवरच्या एकाही मालाला हात लागलेला नाही, तोवर निम्मी गाडी संपत आली.

रिकाम्या वजनातही एक खोच आहे. माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुतेकदा सर्वांत साध्या मॉडेलचं असतं. वरचं मॉडेल, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मागून बसवलेला लोखंडी सांगाडा, यातलं प्रत्येक पन्नास-शंभर किलो खाऊन जातं. त्यात चालक धरला आहे की नाही, हेही सगळीकडे सारखं नसतं. युरोपीय नियमांत चालकाचे ७५ किलो गाडीच्या वजनातच धरतात, इतर बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. म्हणून छापील आकड्यावर न जाता गाडी रिकामी काट्यावर चढवावी. नवी गाडी बॉडी बांधून आली की पहिलं काम तेच करावं, आणि ती चिठ्ठी जपून ठेवावी.

वजनाचा दुसरा संबंध परवान्याशी. बहुतेक देशांत एका ठरावीक एकूण वजनापर्यंत साध्या परवान्यावर गाडी चालवता येते. युरोपात ही रेघ सर्वसाधारणपणे ३,५०० किलोवर आहे, भारतात ७,५०० किलोवर. रेघेच्या जरा वरची गाडी घेतली की चालक शोधण्यापासून विम्यापर्यंत सगळं बदलू शकतं. दोन गाड्यांमध्ये मन अडकलं असेल तर त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहेत, ते आधी बघावं.

जादा पाट्याचा भ्रम

आमच्या धंद्यात एक हमखास सल्ला मिळतो, "मागे एक जादा पाटा टाक, मग कितीही भर." पाटा म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणारी स्प्रिंगची लोखंडी पट्टी. तो टाकला की गाडी खरंच मागून खाली बसत नाही. भरल्यावरही ताठ उभी राहते, आणि बघणाऱ्याला वाटतं ताकद वाढली.

वाढलेली काहीच नसते. भरलेल्या गाडीचं वजन पाट्यांनंतर एक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर जातं, एक्सलवरून बेअरिंगवर, मग रिमवर, टायरवर. थांबायची वेळ आली की ब्रेकवर. कंपनीने पट्टीवर लिहिलेला आकडा या साखळीतल्या सर्वांत कच्च्या कडीवरून ठरलेला असतो, आणि ती कडी पाटाच असेल असं नाही. उलट गाडी मागून बसणं ही आपल्याला मिळणारी फुकटची सूचना होती. जादा पाटा टाकून आपण ती सूचनाच बंद करतो. नेहमीचा माल मर्यादेतच असेल आणि खराब रस्त्यावर गाडी फार डुलते म्हणून मेकॅनिकने पाटा सुचवला, तर गोष्ट वेगळी. पण पट्टीवरचा आकडा पाट्याने बदलत नाही.

टायरवर मात्र आकडा थेट छापलेला असतो. मापाच्या शेजारी "१०७/१०५" असं काही दिसतं. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा डबल टायरच्या जोडीत असताना. १०७ म्हणजे त्या टायरवर कमाल ९७५ किलो, १०५ म्हणजे ९२५. जोडीत क्षमता थोडी कमी धरतात, कारण दोन टायरांवर वजन कधी बरोबर निम्मं-निम्मं पडत नाही. एखाद्याने दिसायला तेच माप असलेला, पण मोटारीचा टायर पिकअपला बसवला, तर ९१ असा आकडा सापडू शकतो, म्हणजे ६१५ किलो. माप तेच, आणि भार पेलण्याची क्षमता एक तृतीयांशाहून जास्त कमी. जुनी गाडी बघताना मी आधी हे वाचतो.

हौदा किती भरायचा

धंदे दोन प्रकारचे. काहींची गाडी वजनाने भरते, काहींची जागेने. गवंडीकाम, फरशी, पाडकाम, सळईकाम हे वजनाचे धंदे. रंगकाम, वायरिंग, फॉल्स सीलिंग, पीव्हीसी पाइप हे बरेचसे जागेचे. आपला धंदा कुठला, हे कळल्याशिवाय हौद्याची लांबी-रुंदी बघण्यात अर्थ नाही.

वाळूचं उदाहरण घेऊ. हौदा अडीच मीटर लांब, १.६ मीटर रुंद, फाळका, म्हणजे हौद्याची बाजूची भिंत, ४० सेंटिमीटर उंच. काठोकाठ भरला तर १.६ घनमीटर होतात. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते. म्हणजे काठोकाठ हौदा २,५६० किलोचा. वाळू ओली असेल तर तो तीन हजारांच्या आसपास जातो. आपल्याकडे शिल्लक आहेत ६५०. तेवढी वाळू हौद्यात सारखी पसरली तर थर होतो १० सेंटिमीटरचा, जेमतेम अर्धी वीत. हौद्याचा तीन चतुर्थांश भाग रिकामा दिसतो आणि गाडी पूर्ण भरलेली असते. भरणारा मजूर साहजिकच म्हणतो, "अजून खूप जागा आहे की." ब्रासमध्ये बोलायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या घरात जातो. तो या वर्गातल्या गाडीचा विषयच नाही.

सळईचं वजन काढायची रीत साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असते. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळई घेतली तर १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. १२ मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर, आणि अशा ५० सळ्या म्हणजे ५३० किलो. हाताच्या मिठीत येईल एवढा जुडगा, आणि त्यात अर्धा टन. वजनापेक्षा इथे लांबीच आधी नडते. ते पुढे येईलच.

बाकीच्या गोष्टी झटपट. १० मिलिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला २० ते २४ किलो. आठ बाय चारची १८ मिलिमीटर प्लायवुडची पाटी ३० ते ३७ किलो. पाणी लिटरला एक किलो, पण ५०० लिटरची अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि तो हिसका तिच्या वजनापेक्षा मोठा वाटतो. रंगाची २० लिटरची बादली २० किलोची समजू नये. रंग पाण्याहून जड असतो, ती २६ ते ३० किलोपर्यंत जाते. पाडकामाचा राडारोडा तर सगळ्यांना फसवतो. अखंड काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो असतं. फोडल्यावर मध्ये पोकळी राहते म्हणून हा आकडा उतरतो, तरी वाळूच्या जवळपासच राहतो.

गाडी बघायला जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहायच्या: काय नेलं, अंदाजे किती किलो, किती माणसं, किती अंतर. कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या ओळखीतल्या एका प्लंबरने ही वही ठेवली आणि त्याला कळलं की ज्या मोठ्या टेम्पोसाठी तो कर्ज काढणार होता, त्याची गरज त्याला महिन्यातून दोनदाच पडत होती.

वजन किती, आणि कुठे

मघाच्या सळ्यांकडे परत येऊ. बारा मीटरची सळई मधून वाकवली तरी सहा मीटर लांब राहते. हौदा अडीच मीटरचा. ती केबिनच्या वरून काढा नाहीतर मागे लोंबू द्या, वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी असाच जुडगा घेऊन निघालो होतो. पहिली गोष्ट जाणवली ती स्टीअरिंग हलकं झाल्याची. छान वाटावं इतकं हलकं. नंतर समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मारू लागला. माझे दिवे लांबवर टाकलेले नव्हते. गाडीचं नाक वर उचललं गेलं होतं आणि उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. एका वळणावर स्टीअरिंग फिरवलं, आणि गाडी क्षणभर सरळच गेली. मग वळली. पुढचा सगळा रस्ता मी पायी चालल्याच्या वेगाने काढला.

झालं होतं ते असं. मागचा एक्सल म्हणजे तरफेचा टेकू. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि ४०० किलोच्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे पडला. तर मागच्या एक्सलवर ४०० नाही, ५२० किलो येतात. वरचे १२० किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. वळायचं काम पुढच्या चाकांचं, ब्रेकचं मोठं काम त्यांचंच, आणि नेमकी तीच जमिनीवरून सुटत आलेली.

म्हणूनच पट्टीवर दोन्ही एक्सलचे आकडे वेगळे दिलेले असतात. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल जास्त भरलेला असू शकतो. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवावीत, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचं वजन कळतं. नियमही एक्सलवरच्या भारावर बोट ठेवतात, त्याचं एक कारण रस्ता आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या. त्यातून अभियंत्यांचा एक ठोकताळा तयार झाला. एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते.

यातून गाडी निवडताना घ्यायची गोष्ट एवढीच. लांब माल नेहमीचा असेल तर नुसता लांब हौदा बघून भुलू नका, दोन एक्सलमधलं अंतरही लांब हवं. आखूड चासीवर लांब हौदा बांधला तर तो मागच्या चाकांच्या मागेच वाढतो, आणि तरफ आणखी लांब होते. चार दारांची केबिन घेतानाही हेच. माणसं पाच बसतात, पण हौदा आखूड होतो आणि मागे ढकलला जातो.

जाता जाता बांधाबांधीचं. ब्रेक मारल्यावर माल पुढे किती जोराने येतो याचा युरोपातल्या मानकांनी दिलेला हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर धरायचा, बाजूंना आणि मागे ५० टक्के. ७५ किलोचा जनरेटर नुसता ठेवला असेल तर जोराच्या ब्रेकला त्याला ६० किलोचा धक्का पुढे ढकलतो, आणि पुढे केबिन असते. म्हणून हौद्यात मजबूत कड्या किती आणि कुठे आहेत, हे बघायला हवं. केबिन आणि माल एकाच डब्यात असलेल्या व्हॅनमध्ये मधली लोखंडी भिंत हवीच.

उघडा हौदा, बंद डबा की टिपर

वाळू, खडी, राडारोडा रोजचा असेल तर टिपर, म्हणजे हौदा तिरका उचलून माल ओतणारी गाडी. फावड्याने उतरवण्यात दोन माणसांचा जाणारा तास वाचतो. पण उचलणारा जॅक आणि त्याची चौकट यांचं वजन मालातून वजा होतं, त्यामुळे तेवढ्याच पासिंगच्या साध्या हौद्यापेक्षा टिपर कमी माल नेतो. वायर, फिटिंग, महागडी यंत्रं असतील तर बंद डबा. पावसाची आणि चोरीची काळजी निम्मी होते. मिश्र काम करणाऱ्याला तिन्ही बाजूंचे फाळके पडणारा सपाट हौदा सर्वांत उपयोगी, कारण माल बाजूने चढवता येतो.

या सगळ्यात एक माप कुणी बघत नाही, ते म्हणजे जमिनीपासून हौद्याची उंची. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या व्हॅनमध्ये खालून प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, जात नसतो, म्हणून तिचा तळ गुडघ्याच्या जरा वर ठेवता येतो. उंच उभ्या पिकअपचा हौदा कमरेच्याही वर असतो. पन्नास किलोची गोणी गुडघ्यापर्यंत उचलून आत सरकवणं आणि ती छातीशी धरून वर फेकणं यात फरक काय आहे, हे वीस गोण्या चढवलेल्या माणसाला विचारा. दिखाऊ उंच गाडी घेणाऱ्याची पाठ सहसा मालाखाली नसते. शोरूममध्ये फाळका पाडून स्वतः एक जड वस्तू चढवून बघा. लोक बघतील, बघू द्यावेत.

चाकांची ताकद, इंजिन, इंधन

साइट चिखलाची असेल तर लोक थेट चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागतात. आधी गाडी अडकते कशी, ते समजून घेऊ. मागच्या एक्सलच्या मध्यावर डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. पण एक चाक चिखलात गेलं की तेच चाक नुसतं गरगरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं शांत उभं राहतं. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी, त्याच्याइतकाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. डिफरन्शियल लॉक हे दोघांना जखडतं, आणि पकड असलेलं चाक गाडी बाहेर काढतं. बहुतेक साइटसाठी मागच्या चाकांची ताकद, लॉक आणि जरा खोल नक्षीचे टायर पुरतात. चारचाकी ताकदीचं वजन आणि इंधन रोज वाहायचं, आणि वापरायची वर्षातून चार दिवस, हा सौदा मला पटत नाही. काम डोंगरातच असेल तर अर्थात दुसरं उत्तर.

पुढच्या चाकांची व्हॅन रिकामी असताना चांगली पकडते. भरून चढावर गेली की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं घसरू लागतात. मागच्या चाकांच्या पिकअपचं उलट, ती रिकामी असताना चिखलात नाचते आणि भरली की शहाण्यासारखी वागते.

इंजिनाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात ताकदीचा आकडा असतो. आपल्याला बघायचा तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती कमी फेऱ्यांवर मिळतो ते. भरलेली गाडी चढावर उभी राहून निघते तेव्हा इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर असतं. तिथे जोर नसेल तर वरच्या फेऱ्यांवरचा जोर क्लच प्लेट जाळूनच मिळवावा लागतो. शिवाय क्राउन-पिनियनचं, म्हणजे एक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर विचारा. एकाच इंजिनाची गाडी कधी दोन गुणोत्तरांत मिळते. ४.१ म्हणजे सायकलचा चढाचा गिअर, ३.५ म्हणजे सपाट रस्त्याचा. चुकीचं घेतलं तर इंजिन कितीही चांगलं असो, अॅव्हरेजच्या नावाने ओरड राहते.

इंधनाचा निर्णय फेरीच्या लांबीवर करावा. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी साचली की तो तापून ती जाळून टाकतो, पण त्यासाठी इंजिन काही वेळ चांगलं गरम राहावं लागतं. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि मधे साइटवर इंजिन चालू ठेवून उभं राहणं, हे त्या फिल्टरचं मरण. तो बदलायचा खर्च ऐकून बरेच जण डिझेलला दोष देतात. दोष वापराचा असतो. अशा वापराला पेट्रोल, गॅस किंवा विजेवरची गाडी बरी. विजेवरची गाडी पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि ठरलेल्या छोट्या अंतराच्या रोजच्या कामात चोख चालते. फक्त बॅटरी जड असते, म्हणून पट्टी वाचून वजाबाकी पुन्हा करावी. भरलेल्या अवस्थेत एका चार्जमध्ये किती जाते, हेही वेगळं विचारावं. गॅसवरच्या गाडीत नळकांडी कुठे बसवली आहेत ते बघा. हौद्यात असतील तर तेवढी जागा गेली.

ट्रॉली ओढायची असेल तर तिच्या दांड्याचा भार गाडीच्या हुकवर पडतो, ट्रॉलीच्या वजनाच्या अंदाजे दहावा हिस्सा. एक टनाच्या ट्रॉलीचे शंभर किलो गाडीच्या मालातून वजा करायचे. तेही मागच्या एक्सलच्या मागे लटकलेले, म्हणजे मघाची तरफ पुन्हा आलीच.

मोठा दिवस आणि रोजचा दिवस

वही भरली की दोन आकडे समोर येतात, रोजचा भार आणि वर्षातला सर्वांत मोठा भार. चूक होते ती दुसरा आकडा धरून गाडी घेण्यात. "कधी लागलीच तर" म्हणून घेतलेली मोठी गाडी रोज अर्धी रिकामी धावते. तिचं जादा वजन, मोठे टायर, जादा विमा, गल्लीत न वळणं, सगळं रोज भरावं लागतं. मी धरतो ते असं: रोजच्या भाराच्या वर साधारण पाव भाग मोकळीक ठेवावी. रोज ६०० किलो लागत असतील तर माणसं-हत्यारं वजा करून ७५० उरतील अशी गाडी घ्यावी. मोठ्या दिवसाला दोन फेऱ्या कराव्यात नाहीतर गाडी भाड्याने सांगावी. पाण्याची टाकी किंवा लोखंडी सांगाडा कायमचा बसवायचा असेल तर तो मात्र रोजच्या भारातच धरायचा.

खर्चाचा हिशेब किलोमीटरमागे करावा. हप्ता, इंधन, टायर, दुरुस्ती, विमा मिळवा, पाच वर्षांनी गाडी विकून येणारे पैसे वजा करा, आणि धावलेल्या किलोमीटरने भागा. यात एक रकाना सगळे विसरतात, तो म्हणजे गाडी गॅरेजमध्ये उभी राहिलेल्या दिवसांचा. गाडी बंद म्हणजे चार माणसांची मजुरी चालू आणि काम बंद. त्यामुळे जिचे सुटे भाग जवळ आणि लगेच मिळतात अशी साधी गाडी, कागदावर सरस पण भागासाठी आठवडाभर थांबायला लावणाऱ्या गाडीपेक्षा स्वस्त पडते.

जुनी घेत असाल तर

रंगाकडे बघू नका, खाली वाका. चासीच्या दांड्यांवर, विशेषतः केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या कंसांजवळ, वेल्डिंगच्या खुणा किंवा केसासारख्या भेगा दिसतात का ते बॅटरीच्या उजेडात बघा. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले असतील तर तिने जन्मभर जादा माल ओढला आहे. फाळका आणि हौदा यांच्यातली फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसेल तर चासी पिळवटलेली असू शकते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. मागचे टायर नवे कोरे आणि पुढचे जुने असतील तर मागचे इतक्या लवकर का संपले, हे विचारा. मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, हे जोडपं कधी जमत नाही. इंजिन थंड असतानाच बघायला जा. आपण पोचेपर्यंत कुणी ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जावं.

आणि ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नये. मी आता माझ्याच गोण्या सोबत नेतो. तेरा गोण्या चढवायच्या, चढावर मध्येच थांबवायची, हँडब्रेकवर धरते का बघायचं, मग तिथूनच उचलायची. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची आणि इंजिन किती रोखून धरतं ते बघायचं. सपाट रस्त्यावर जरा जोरात ब्रेक दाबायचा आणि स्टीअरिंग सैल धरायचं, म्हणजे गाडी कुठल्या बाजूला ओढते ते कळतं. मागच्या वेळी एक विक्रेता गोण्या बघून म्हणाला, "अहो, नवीन गाडी आहे, हौद्याला ओरखडे पडतील." मी त्या तेरा गोण्या पुन्हा माझ्या जुन्या गाडीत भरल्या आणि पुढच्या दुकानात गेलो.